बाळंतपणाला जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी आमच्याकडची रीत. पण सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून दुसऱ्या वेळीही मी विंचूरला आईकडेच जावं, असं त्यांनीच ठरवलं. थोरलीची पहिलीची परीक्षा तोंडावर होती. तिची शाळा बुडवू नकोस, तिला इथे नाशिकला, इंदिरानगरच्या घरीच राहू दे, हेही त्यांचंच म्हणणं. नवरा मान हलवून मोकळा झाला. आम्हा दोघांचं तेव्हा पटत नव्हतं, बोलणं कामापुरतं उरलं होतं, पण तसं तर निम्म्या घरांत असतं. मी थोरलीच्या वेण्या घातल्या, बॅग उचलली आणि निघाले.

धाकटी झाली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, डोक्याला फडकं, सगळं यथासांग सुरू झालं. थोरलीच्या आठवणीने मला रडू यायचं. एकदा नाशिकला जाऊन तिला बघून येते म्हटलं, तर आई म्हणाली, "सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाय. पोरगी काय पळून चालली का?"

बारशाला सासरचं कोणी आलं नाही. फोनही उचलेनात. आली ती कोर्टाची नोटीस. घटस्फोट हवा आणि थोरलीचा ताबाही. आई मुलीला टाकून माहेरी निघून गेली, एकदाही भेटायला फिरकली नाही, असं त्यात लिहिलेलं. त्याला जोडून सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र. मला पाठवणारी बाई हीच. सव्वा महिना म्हणजे काय, हे तिला मी सांगायला हवं होतं की काय? चांगल्या माणसाने तळतळाट देऊ नये म्हणतात. मी दिला, अगदी पोटभर दिला.

माझ्या वकीलबाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे देतात. थोरली त्याच्या पुढे गेली. निकाल लागेपर्यंत ती आहे तिथेच राहावी, असं कोर्ट म्हणेल. शाळा तिथे, सवयही तिथली."

तसाच अंतरिम आदेश झाला. धाकटी माझ्याकडे, थोरली बापाकडे, आणि दर शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट. तात्पुरती सोय आहे, असं सगळे मला समजावत होते. त्या तात्पुरत्यात धाकटी रांगायला लागली, मग चालायला लागली.

शनिवारी मी धाकटीला कडेवर घेऊन विंचूरहून बस पकडायची. थोरली माझ्याशी नीट बोलायची, शाळेतलं सांगायची, मी नेलेले लाडू खायची. धाकटीला मात्र हात लावायची नाही. तिला मी मांडीवर घेतलं की ही उठून खिडकीशी जायची. घरच्यांनीच हिचे कान भरलेत, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. म्हणून मी वकीलबाईंच्या मागे लागले. आदेश बदलून मागा, जजमॅडमना म्हणावं एकदा तिच्याशी एकटीशी बोला. आजीची सावली नसली की पोर खरं बोलेल, अशी माझी खात्री होती.

मॅडमनी तिला चेंबरमध्ये घेतलं. बराच वेळ दार बंद होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून तिला घरी नेल्यावर कुठल्या शाळेत घालायचं, तेच ठरवत होते. मग तिला शिपाईबाईंबरोबर बाहेर पाठवलं आणि वकिलांसह आम्हा दोघांना आत बोलावलं.

"हुशार आहे मुलगी," मॅडम म्हणाल्या. "कोणी पढवलंय असं मला वाटत नाही. कोणाविरुद्ध काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, की आईने बाळ स्वतःबरोबर नेलं आणि मला ठेवलं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. बाळ तेव्हा पोटात होतं, हे मी कोणाला सांगणार होते? सगळ्यांना ठाऊकच होतं.

"आईकडे राहायचं का, म्हणून मी विचारलं," मॅडम पुढे म्हणाल्या, "तर ती म्हणाली, त्यांच्याकडे आहे ना एक."