आधी खोड सांगणारे मामा

स्वतःच्या मालाची आधी निंदा करायची आणि मगच तो गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा, असा धंदा करणारा माणूस अवघ्या जगात एकच शिल्लक असावा, आणि तो म्हणजे जळगाव जामोदचे माझे मामा. आईचे हे चुलतभाऊ उमेदीची सगळी वर्षं बैलबाजारात दलाली करत. सौदा ठरण्याआधी जनावराची खोड सांगायची, हा त्यांचा नेम. "डाव्या अंगाले जुपला तरच चालते. पाण्यात उतरत नाही. मंग म्हनू नका, सांगतलं नाही." ऐकणारा हबकायचा, पण बैल घेऊन जायचा. पुढे गावोगावी ट्रॅक्टर आले, दलाली संपली. मामांनी बंद पडलेल्या ॲनिमेशनच्या क्लासचे दणकट कॉम्प्युटर आणून रिकाम्या गोठ्यात सायबर कॅफे थाटला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज मी त्यातल्याच एकावर भरला. साइट दिवसभर उघडेना, मी रडकुंडीला आलो, तर "बस बे, उघडन" म्हणत मामा जेवायलाही न उठता शेजारी बसून राहिले. आज मी पुण्यात नोकरी करतो, त्याची सुरुवात त्या गोठ्यात आहे.

त्या उपकाराची थोडी फेड म्हणून मीच त्यांना इंटरनेटवरचा एक बाजार दाखवला. जगात कोणाला मोठं गणित करायला कॉम्प्युटर हवा असतो. तो बड्या कंपनीकडून न घेता, ज्याच्याकडे रिकामा आहे त्याच्याकडून थेट भाड्यानं घ्यायचा. मधे कोणी मालक नाही. नियम बदलायचा तर कॉम्प्युटरवाल्यांनीच मतं द्यायची. मामा खूश झाले. आपल्या यंत्रांची माहिती लिहायची वेळ आली तेव्हा ते सांगू लागले आणि माझी बोटं जागीच थांबली. "लिही. बुधवारी दुपारी लाईन जाते. खिडकीजवळचं यंत्र तापते. मे महिन्यात शक्यतो येऊ नये."

"मामा, लोक इथं आपली तारीफ लिहितात!"

"त्यायची जनावरं बिनखोडीची असतीन. आपली नाहीत."

मी मान खाली घालून ते इंग्रजीत लिहिलं.

यंत्रांवर त्यांचा जीव असा, की उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर गोठ्यात जाई आणि मामी पदरानं वारा घेत ओसरीत बसे. "मी कॉम्प्युटर असती त बरं झालं असतं," ती मला ऐकवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात. दावणीला बैल नाही म्हणून मामांनी कॉम्प्युटरच्या डब्यांना हळद-लोणी चोळलं. मी पोचलो तेव्हा लोणी वितळून पंख्यात उतरत होतं. मी किंचाळलो. मामा शांतपणे म्हणाले, "राबतात नं बे थे बी?" दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. माहितीत आणखी एक ओळ वाढली: पोळ्याला सुटी.

एवढं करून कोण येणार, असं मला वाटे. तरी गिऱ्हाईक आलं! दूर देशात नदीच्या पुरांचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी. तिनं लिहिलं, वीज कधी जाते हे आधी सांगणारे तुम्ही पहिलेच; मी त्याआधी काम थांबवून ठेवत जाईन. महिनोन्‌महिने ती टिकली. पण वीज अवेळी गेली की तिचं कित्येक तासांचं काम वाया जाई, आणि मामांचं जेवण. "पोट्टीचं सांडलं पुन्हा," म्हणून ते ताट सारत.

गेल्या दिवाळीत मी गावी असताना बाजारात सुचवलेल्या सुधारणा मतदानाला आल्या. मी त्या वाचून दाखवल्या. कॉम्प्युटर बंद पडला तर त्यावरचं काम आपोआप दुसरीकडे जाईल, जिथवर झालं तिथून पुढे चालेल. नवं काम आधी न थांबणाऱ्या यंत्रांना मिळेल. माहितीचा रकाना काढून टाकला जाईल, कोण कोणाकडे आलं ते दिसणार नाही.

"खोडच नाही सांगाची?" मामांनी विचारलं. "हा कसा बाजार म्हनाव?"

आपल्याकडच्या विजेचे हाल पाहता आपला नंबर शेवटचा लागेल, गोठा बहुधा रिकामाच राहील, हेही मी सांगितलं. मामी दारातच उभी होती. "अवो, ट्रॅक्टर आला तवा तुमाले कोनी इचारलं नव्हतं. आता इचारून राह्यले, त नाही म्हना!"

मीही 'नाही'वर बोट ठेवून तयार होतो. मामांनी मला थांबवलं.

"त्या पोट्टीचं काम मंग सांडन का नाही, तेवढं सांग."

"नाही सांडणार."

"मंग हाव म्हन."

मी बोट 'हो'वर सरकवलं. मामी उंबऱ्यावरच बसली.

"खोड आपल्या लाईनीत हाय," मामा म्हणाले. "तिनं काऊन भोगाव?"

सुधारणा मंजूर झाल्या. माझा अंदाज दुर्दैवानं खरा ठरला. कूलर ओसरीत परत आला, आणि मामीला त्याची हवा गोड लागत नाही. परवा गेलो तर एकच यंत्र चालू होतं. कुठूनसं एक लहानसं काम आलं होतं आणि मामा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले होते. कोणाचं, कुठलं, काही दिसत नव्हतं. तेवढ्यात लाईन गेली. पंखा फिरत फिरत थांबला.

"गेलं असन नं बे थे नीट, दुसरीकडं?"

"हो मामा. पोचलंही असेल."

"बरं झालं," ते म्हणाले. पण पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायला न मिळालेल्या माणसासारखे, काळ्या पडद्यासमोरून ते लवकर उठले नाहीत.