वाफेचा डब्ल्यू

पेपर तपासताना चुकीचं स्पेलिंग दिसलं की ती ते मोठ्यानं वाचायची, मान एका बाजूला कलती करायची आणि म्हणायची, "ऐकायला बरोबर येतंय ना? मग दे की मार्क." आणि द्यायचीसुद्धा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सिंगापुरात आंग मो किओ भागातल्या एका ट्यूशन सेंटरमध्ये आम्ही दोघी सायन्स शिकवायचो. ती पुण्याची, मीही पुण्याची. साम्य तिथंच संपलं. मी प्रत्येक चुकीच्या स्पेलिंगला अर्धा मार्क कापायचे. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? पण सुटीत मुलांचा घोळका तिच्या टेबलाभोवती, आणि माझ्या टेबलाशी मी आणि माझं लाल पेन. जळायचे मी तिच्यावर, सरळ सांगते.

एकदा मी तिला गाठलंच. "अगं, मायटोसिस आणि मायोसिसमध्ये दोन-चार अक्षरांचा तर फरक. असं सगळं सोडून दिलंस तर ही पोरं परीक्षेत काय दिवे लावणार?"

"अर्थ बदलला तर मीही कापते बाई," ती डबा उघडत म्हणाली. "पण व्हेपर डब्ल्यूनं लिहिलं म्हणून वाफेचा काय बर्फ होतो? मार्क सायन्सचे आहेत ना? थालीपीठ घे."

थालीपीठही मेली माझ्यापेक्षा चांगलं करायची.

तो डब्ल्यू माझ्या लेकीचा होता. आपलं मूल आपल्या वर्गात घ्यायचं नाही असा सेंटरचा नियम, म्हणून ईशा तिच्याकडे. मी घरी पेपर पाहिला. शब्दाला बरोबरची खूण, आणि वर पेन्सिलीनं बारीकसा व्ही.

"हे काय लिहिलंस गं?"

"मावशी म्हणाली इट्स ओके. ममा बोलते तसंच मी लिहिलं, शी सेड."

खरंच की. माझ्या तोंडी व्हेपर नाही, वेपरच येतं. माझं बिंग फोडून वर मार्कही देऊन मोकळी!

आणि मावशी म्हणे! बाकीची मुलं तिला टीचर म्हणायची, ईशाला मात्र तिनं मावशी म्हणायला लावलं होतं. घरी सिंगापुरी थाटात "ओके लाह, ममा" एवढ्यावर भागवणारी ही पोरगी तिच्याशी चक्क मराठीत गप्पा मारायची. "मी गेली", "तो बॉटल", असलं काहीतरी. ती खळखळून हसायची, आणि पोरगी आणखी बोलायची. मी दारातूनच म्हणायचे, "गेली नाही, गेले." की ईशाची गाडी पुन्हा इंग्रजीवर.

यंदा तिच्या नवऱ्याचा इथं नोकरी करायचा पास वाढवून मिळाला नाही आणि दोघं पुण्याला परत गेली. वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, चला, आता पोरगी माझी.

परवा एमआरटीच्या ट्रेनमध्ये ईशा माझ्या शेजारी बसून फोनवर काहीतरी टाइप करत होती. मी हळूच डोकावले. मराठी! 'मावशी, तुझी खुप आठवन येते.'

खू दीर्घ. न नाही, बाणातला ण. अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

"ममा, स्पेलिंग ओके?" तिनं विचारलं.

"ओके," मी म्हणाले. तिनं पाठवून टाकलं.

मला तिनं आजवर मराठीत एक ओळ लिहिलेली नाही. तो चुकीचा न मला हवा होता हो.