दाजींची मूठ

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. सॅक्सोफोन वाजवायचे, आणि एकोणीस वर्षं त्यांनी स्वतःचा जॅझ बँड चालवला. मी त्यांचा ड्रमवाला. तालमीत जरा चुकलं की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा! पण त्यांनी सॅक्सोफोन तोंडाला लावला की शिव्या विसरून जायचो.

जॅझमध्ये एकेक जण मनाला येईल तसं वाजवतो, आणि मूळ चालीवर कधी परतायचं ते मास्तर ठरवतो. दाजी त्यासाठी डावी मूठ वर करायचे. मूठ दिसली की आम्ही परतलोच.

मग हॉटेलवाल्यांना स्पीकर स्वस्त पडायला लागले आणि बँड मोडला. दाजी वर्षभर भिंतीकडे बघत बसले. ताई म्हणाली, "अरे, काहीतरी कर, माणूस हातचा जाईल." मी तोवर दुसऱ्या बँडात लागलो होतो; दाजींना घ्या म्हणून तिथल्या मास्तराला गळ घातली. हा ट्रम्पेटवाला एकेकाळी दाजींच्याच मागे बसायचा.

"घेतो," तो म्हणाला, "पण मागच्या रांगेत. आणि एकदा जरी मास्तरकी केली, तर थेट घरी."

दाजींनी मान खाली घालून हो म्हटलं.

चार महिने ते निमूट वाजवत राहिले. एका रविवारी भर दुपारी कार्यक्रमात मास्तर ट्रम्पेटवर रंगात आला होता. दाजी डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांची डावी मूठ वर गेली.

मागच्या रांगेकडे कोण बघतंय? मी बघितलं. मेली सवय! माझे हात मला न विचारताच परतले, माझ्या मागे पियानो, बास, सगळेच. मास्तर एकटा अधांतरी राहिला. लोक हसले.

आत गेल्यावर तो माझ्यावर धावून आला. "तुला कुणी सांगितलं रे परतायला?"

मोजायला चुकलो, एवढं म्हणायचं होतं. मला चार शिव्या बसल्या असत्या, दाजींची जागा राहिली असती. पण मी हातातल्या काठ्या पिशवीत भरत राहिलो.

"मूठ माझी होती," दाजी म्हणाले. "त्याला बोलू नका."

मी अजून त्याच बँडात आहे. दाजींनी सॅक्सोफोनची पेटी परत उघडली नाही. ताई कधीमधी जेवायला बोलावते आणि वाढता वाढता तोच विषय काढते. "ह्यांचं चुकलं, मान्य. पण मूठ बघून परतणारा तो मेला कोण, ते अजून सांगत नाहीत. मीच चुकलो म्हणायला त्याला काय झालं होतं?"

दाजी माझ्याकडे बघत नाहीत. "त्याला वाढ अजून," म्हणतात.