उष्ट्या हळदीची गाडी

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती काश्मीरची, नाहीतर निदान कन्याकुमारीची. माझा प्रवास नाशिकहून सुरगाण्याच्या अलीकडच्या एका गावापर्यंतचा, आणि तोही एका दिवसाचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना एकदा तोंड दाखवलं तेवढं पुरे झालं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा भाचा सुरेश याचं लग्न ठरलं होतं. मुलगी डांगातली (घाटापलीकडच्या डोंगराळ भागातली), लग्न तिच्याच गावी. आदल्या दिवशी सकाळी पंचवटीत सुरेशला हळद लागली आणि ती उष्टी हळद (नवरदेवाला लावून उरलेली) मुलीकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. माझ्याकडे काम आलं याचं कारण गाडी. आमच्या गल्लीत मोटार एकट्या माझ्याकडे होती. एका डॉक्टरांनी टाकून दिलेली ती गाडी निव्वळ माझ्या हाताच्या गुणावर चालते, असं मी लोकांना चहा पाजून सांगत असे.

हाताचा गुण म्हणजे काय ते सांगतो. मी कचेरीत नकाशे काढणारा माणूस. दर रविवारी मी गाडीखाली असायचो. जुन्या बाजारातून कुठल्या ट्रकची नळी, कुठल्या जीपचा पंखा आणायचा, कापायचा, घासायचा आणि बसवायचा. जे बसेल ते आपल्याच गाडीचं, असा माझा साधा नियम होता. रेडिएटर गळायला लागला तेव्हा नाशिकच्या द्वारका नाक्याजवळच्या दुकानदारानं तो बदलायलाच सांगितलं होतं. मी हसलो. घरी शेगडीवर लोखंड तापवून चिरेला स्वतः कथलाचा डाग दिला आणि वर काळा रंग फासला. दिसायला झकास दिसत होता.

तर आम्ही तिघं निघालो. मी, माझी बायको सुमन आणि सुरेशची धाकटी बहीण शालू. शालू करवली, म्हणून हळदीचा पितळी डबा तिच्या मांडीवर. दिंडोरीपर्यंत रस्ता मऊसूत होता. दोन्ही बाजूला द्राक्षांच्या बागा, खळ्यांवर कांद्याचे ढीग, आणि एसटीतली माणसं आमच्याकडे वळून बघत होती. मी हात बाहेर टेकवून चालवत होतो. उन्हानं कोपर भाजत होतं, तरी आत घेतलं नाही.

"अहो, हा काटा लाल रेघेपाशी का गेलाय?" सुमननं विचारलं.

"तो दुसऱ्या गाडीचा काटा आहे. जरा जास्तच दाखवतो."

वणीला उतरलो. समोर सप्तशृंगीचा डोंगर उन्हात करडा दिसत होता. गरम भजी आणि भरपूर आलं घातलेला चहा घेतला. तिथे सुमननं शालूला नवरीची हकीकत सांगितली. कुसुमचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं. हळदीच्या दिवशी सगळा गाव मांडवात बसला होता, आणि वरपक्षाची हळद आलीच नाही. काहीतरी सबबीचा निरोप आला, माणसं आलीच नाहीत. दोन वर्षं त्या पोरीकडे कुणी फिरकलं नाही. मग आपला सुरेश.

"म्हणून वेळेवर पोचायचं हं, मामा," शालू म्हणाली.

"अगं, वेळेच्या आधी पोचू," मी म्हणालो आणि आणखी एक प्लेट भजी मागवली. ती भजी आजही माझ्या घशाखाली उतरलेली नाहीत.

वणी सोडल्यावर रस्ता अरुंद होतो. साग निष्पर्ण उभे होते, मध्येच एखादा पळस, आणि खाली दरीत पेंढ्यानं शाकारलेली पाचसहा घरं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली. आधी थोडी, मग चुलीवर पाणी पडावं तशी. मी गाडी कडेला घेतली. माझा कथलाचा डाग काळ्या रंगासकट सुटून खाली लोंबत होता.

नशिबानं जवळ हापसा होता. गाडी निवाली की पाणी भरायचं, चार पावलं जायचं आणि परत थांबायचं, असं चाललं. तासभरात आम्ही एक वळण ओलांडलं. मागून सुरगाण्याची जीप आली. आत माणसं कोंबलेली, मागच्या दांडीला दोघं लटकलेले. चालकानं मान बाहेर काढली.

"काय झालं भाऊ? पानी फेकती का?"

"थोडं गळतंय. होईल नीट."

"हळद टाका आत. चीर भरती. तवर या बायांना तरी बसू द्या, फाट्याला सोडतो."

सुमन लगेच उठली. "अहो, शालूला आणि मला जाऊ द्या. डबा वेळेवर पोचेल. तुम्ही या मागून."

वाचकहो, एवढंच करायचं होतं. पण वरपक्षाची हळद जीपच्या गर्दीत कुणाच्या कोंबड्यांशेजारी बसून गेली असती, तर माझ्या गाडीचं काय राहिलं असतं? "पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. "मामाच्या गाडीतून निघालेली हळद मामाच्या गाडीतूनच उतरेल."

"निदान निरोप तरी द्या त्यांच्याबरोबर," सुमन म्हणाली.

"गाडी बंद पडली म्हणून निरोप? मांडवात?"

जीपवाला हसला आणि निघून गेला. धुरळा खाली बसला तेव्हा शालू माझ्याकडे बघत नव्हती.

ऊन उतरायला लागलं. पाणी जितकं घालू तितकं रस्त्यावर येत होतं. हळद टाका, हळद टाका, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि हळद तर शालूच्या मांडीवर होती. मी हात पुढे केला. तिनं डबा पदराखाली घेतला.

"मामा, दादाची आहे ती."

"सगळी नको. अर्धीच."

तिनं दिला नाही. मी घेतला. ओली हळद पाण्यात कालवून रेडिएटरच्या तोंडातून आत सोडली आणि वर पाणी भरलं. गळती खरंच कमी झाली. गाडी चालू झाल्यावर मी मागे वळून म्हणालो, "बघितलंत?"  सुमननं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि शालूचा हात धरला.

गावाच्या फाट्यावर माणसं उभी होती. स्वागताला उभी असतात तशी नव्हेत, शोधायला निघालेली असतात तशी. मांडव आंब्याच्या डहाळ्यांचा, सुरेख घातलेला. संबळवाले वाद्यं उशाला घेऊन लवंडले होते. मुलीचे वडील तात्या पुढे आले. डोक्यावर धुवट टोपी, हात जोडलेले, पण चेहऱ्यात रक्त नव्हतं.

"लय उशीर झाला, पाव्हनं."

आणि मी काय म्हणालो असेन? "घाटात झाड आडवं पडलं होतं हो. रस्ताच बंद."

 तात्यांची बहीण, एक वाळकी आत्याबाई, उंबऱ्यातून म्हणाली, "जीप तर मगाच गेली घाटातूनच. मी सोता पाह्यली."

 मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मागच्या लग्नाच्या बारीलाबी रस्ताच बंद व्हता."

तात्यांनी माझा हात धरला.  "खरं सांगा पाव्हनं. नवरदेवानं नाय म्हनलं का? नाय म्हनलं आसंल तर आत्ताच सांगा. उद्या नको."

त्यांच्या खांद्यावरून मला ओटी दिसत होती. पाट मांडलेला होता आणि पाटावर पिवळं लुगडं घडी घालून ठेवलेलं होतं. कुसुमनं ते सोडून ठेवलं होतं. ती रोजच्या विटक्या पातळात बाजूला बसून सुपातले तांदूळ निवडत होती. मान खाली, बोटं चालू. उशीर झाला म्हणून नवरी रागावते, रुसते, रडते, हे मी ऐकलं होतं. ती मात्र घरातल्या कामाला लागली होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. हे लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात.

मी गाडीकडे गेलो आणि सगळ्या गावासमोर बॉनेट उघडलं.

"झाड पडलं नव्हतं, तात्या. गाडी मोडली. रेडिएटर मी घरी झाळला होता, तो फुटला. जीपवाला ह्या दोघींना आणतो म्हणत होता, मी पाठवलं नाही. माझ्या गाडीची शोभा होईल म्हणून."

माणसं भोवती जमली. रेडिएटरवरून पिवळे ओघळ आले होते. खाली सडा घातलेल्या अंगणात पिवळं पाणी टपटपत होतं.

"आन हे पिवळं काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"हळद."

"कोनची?"

"नवरदेवाची. अर्धी."

आधी मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग संबळवाला, मग बाया, मग सगळा मांडव. मी मान खाली घालून उभा होतो. तात्या हसले नाहीत. त्यांनी तापलेल्या पत्र्यावर पंजा टेकवला आणि चटका बसला तरी काढला नाही.

"गाडीच मोडली?"

"गाडीच."

"दुसरं कायबी नाय? नक्की?"

"नक्की, तात्या. सुरेश घरी अंगभर हळद लावून बसलाय."

"आगं ए, गाडीच मोडली!" ते घराकडे तोंड करून ओरडले. आवाज मध्येच फाटला. "पोरी, गाडीच मोडली गं! वाजवा रे, बसलाय काय!"

संबळ कडाडलं. ओटीवरचं सूप बाजूला झालं, घडीचं लुगडं उलगडलं गेलं. उरलेली हळद डब्याच्या तळाशी होती, तिच्यात आत्याबाईंनी घरची वाटलेली हळद मिसळली. "उष्ट्याचं बोट लागलं की झालं," त्या शालूला म्हणाल्या. शालूनं पहिलं बोट कुसुमच्या गालाला लावलं आणि दोघी रडल्या.

मला पहिल्या पंक्तीला बसवलं. नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची दाट आमटी, वर गुळाचा शिरा. तात्यांनी स्वतः माझ्या डोक्यावर टोपी घातली आणि हातात नारळ दिला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, भांडायला तरी जागा मिळाली असती. पण ते पुन्हा पुन्हा आग्रह करत होते. मी शिरा गिळत होतो आणि टोपी डोक्याला टोचत होती. जेवण होईपर्यंत गावातल्या दोघांनी चिरेत साबण चोंदला आणि पाण्याचे दोन डबे भरून मागे ठेवले.

शालू करवली म्हणून तिथेच राहिली. आम्ही दोघं परतलो. जिथे थांबलो तिथे सुमन न बोलता उतरायची, डबा हातात द्यायची आणि परत बसायची. वणीला चहा विचारला, तर तिनं मान हलवली. दिंडोरीच्या रस्त्याला रात्रीच्या एसटीतली माणसं दिव्यांच्या उजेडात अजूनही वळून बघत होती. या वेळी मी हात आत घेतला होता.

पंचवटीत दारात गाडी लावली. सुरेश ओट्यावर वाट बघत उभा होता, कानशिलं अजून पिवळी. "लागली का हळद, मामा?"

"लागली," मी म्हणालो. तो खुशीत आत पळाला. मी इंजिन बंद केलं तेव्हा सुमन पहिल्यांदा बोलली.

"निघताना कुसुमनं मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाली, मामी, उद्या ते कशानं येणार आहेत?"

"मग?"

"एसटीनं, म्हटलं. तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला. म्हणाली, मग येतील."

सुमन उतरून घरात गेली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिलो. तिकडे घाटापलीकडे हळद लागलेली ती पोर आज निवांत झोपणार होती, कारण उद्याची गाडी मी दुरुस्त केलेली नव्हती.