दोन पायऱ्या खाली

कुणाच्याही दारात गेली की ती बेल वाजवायची आणि लगेच दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहायची. दार उघडणाऱ्याला तिच्याकडे खाली बघावं लागायचं. टोरोंटोच्या पूर्वेला, स्कारबरोतल्या आमच्या घराचं बेसमेंट भाड्याने घ्यायला ती पहिल्यांदा आली तेव्हाही तशीच उभी होती, घोटाभर बर्फात. माझ्या बायकोला वाटलं, मुलगी बुजरी आहे.

"वर ये की गं, गारठशील."

"येते, काकू. आधी तुम्ही मला नीट बघून घ्या."

चौतीस वर्षांची, ठेंगणी, रुंद खांद्यांची. चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर साताऱ्याहून टोरोंटोच्या दुसऱ्या टोकाला, एटोबिकोला आलेली, पण बोलण्यातला सातारा गेला नव्हता. "काय वो काका," म्हणून सुरुवात करायची आणि मधेच अख्खं वाक्य इंग्रजीत टाकून पुन्हा "व्हय का नाही?" वर यायची. सोमवार ते शुक्रवार ती एका गोदामात काम करायची. उरलेला वेळ फौजेच्या राखीव दलाचा. अकरा वर्षं तोफखान्यात काढली होती. तोफांनी तिचा डावा कान अर्धा नेला होता, त्यामुळे बोलताना ती मान वळवून उजवा कान तुमच्याकडे करायची. समोरच्याला वाटायचं, बाई किती मन लावून ऐकतेय! तुम्हालाही तसंच वाटलं असतं. मला पहिले सहा महिने वाटत होतं.

पण ते खोटंही नव्हतं.

त्या हिवाळ्यात ती तोफखाना सोडायच्या खटपटीत होती. फौजेत एक वेगळी शाखा असते. संकटात सापडलेल्या गावातल्या लोकांशी बोलायचं, त्यांना काय हवंय, कशाची भीती आहे ते समजून घ्यायचं, सैन्याचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचवायचं, मन वळवायचं. कागदोपत्री तिला मानसशास्त्रीय आणि नागरी संपर्काचं काम असं काहीतरी लांबलचक नाव होतं. ती म्हणायची, "माणसांचं डिपार्टमेंट." तिचे तोफखान्यातले सोबती म्हणायचे, "पत्रकं वाटायला चाललीस." बदली झाली तर हाताशी आलेली बढती जाणार होती आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागणार होतं.

मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. मला हे मन वळवण्याचं खातं फारसं रुचलं नाही. एकदा जेवताना मी म्हणालो, "म्हणजे शेवटी लोकांना गोड बोलून फसवायचंच ना?"

तिने घास ताटात ठेवला. रागावली की तिचा आवाज खाली जायचा.

"काका, खोटं एकदाच चालतं. दुसऱ्या दारात ते आपल्या आधी पोचलेलं असतं."

त्या दिवशी तिने ती गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी एका गावात पूर आला होता. तोफखान्याच्या मंडळींना वाळूच्या पिशव्या रचायला आणि घरोघर जाऊन 'बाहेर पडा' सांगायला पाठवलं होतं. एका दारात एक म्हातारा होता. तिने वरच्या पायरीवर उभं राहून, हेल्मेट न काढता, दीड मिनिटात सगळं सांगितलं. नियम, वेळ, बस कुठे थांबेल. म्हातारा म्हणाला, "ओके, ओके." तिने यादीत खूण केली आणि पुढच्या दारात गेली. तिसऱ्या दिवशी तो त्याच्या बेसमेंटमध्ये सापडला.

"तो ओके का म्हणाला, माहितीय? मी जावं म्हणून," ती म्हणाली. "मला कळलं होतं. तेवढ्यात कळलं होतं. पण माझ्या यादीत आणखी चाळीस दारं होती."

बायकोने तिच्या ताटात भात वाढला. तिने तो पूर्ण खाल्ला, आणि ताट घासून ठेवून खाली निघून गेली.

निवड चाचणीत ती पहिल्यांदा नापास झाली. चाचणीत एक नट अडेलतट्टू गावकरी व्हायचा आणि उमेदवाराने त्याच्याशी बोलायचं. हिने चौथ्या मिनिटाला त्याचं बोलणं मधेच तोडलं. घरी आल्यावर जिन्यावरच बसून राहिली. दुसरी आणि शेवटची संधी चार महिन्यांनी होती.

मग आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. अडेलतट्टू म्हातारा मी. मागच्या अंगणाचं दार वाजवून ती खाली उभी राहायची आणि मी कमरेवर हात ठेवून तिला पिडायचो. मी कधी बहिरा, कधी सरकारवर चिडलेला, कधी नुसताच गप्प. बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "यांना अभिनय करावाच लागत नाही." गप्प बसलेला म्हातारा तिला सगळ्यात जड जायचा. तिला शांतता सहन व्हायची नाही, लगेच काहीतरी बोलून ती भरून काढायची. "थांब," मी म्हणायचो, "मी अजून बोललोच नाहीये." हळूहळू ती थांबायला शिकली. मे महिन्यात पास झाली. त्या दिवशी तिने आणलेला केक आम्ही तिघांनी डब्यातूनच चमच्याने खाल्ला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बर्फ एकदम वितळलं आणि उत्तरेकडच्या नद्या फुगल्या. तिच्या तुकडीला तिकडे बोलावणं आलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"काका, तुमचे डॉक्टर मित्र नदीकाठच्या गावात राहतात ना? जास्त सांगता येत नाही मला. पण तुम्ही त्यांना फोन करा. आत्ताच."

हा डॉक्टर माझा चाळीस वर्षांचा दोस्त. टोरोंटोत आम्ही एकाच वर्षी उतरलो, एकाच खोलीत राहिलो. त्याने त्या लहानशा गावात दवाखाना काढला आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिला. तीन वर्षांपासून वहिनी नाशिकला बहिणीकडे होत्या. विचारलं की तो म्हणायचा, "मजेत आहे." फोन केला तर म्हणाला, "मी ठीक आहे, तू येऊ नकोस." आणि ठेवून दिला. मी गाडी काढली.

चार तासांनी पोचलो तेव्हा गावाच्या पुलाशी पोलीस उभे होते. पाणी पुलाच्या पोटाला लागत होतं. चार वाजता पूल बंद होणार, त्यानंतर फक्त बोटी. मित्राला आणायला आलोय म्हटल्यावर मला आत सोडलं. तेव्हा पावणेतीन झाले होते.

डॉक्टर दारातच उभा होता, दाढी वाढलेली. मी आत जायला लागलो तर त्याने चौकटीवर हात आडवा धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

"तू जा. मी येणार नाही."

मी समजावलं, ओरडलो, हात धरून ओढायलाही बघितलं. त्याच्या अंगणाच्या टोकाला पाणी आलं होतं, तपकिरी, आवाज न करता पुढे सरकणारं. माझं सगळं आयुष्य पाण्याचा दाब मोजण्यात गेलं. ते पाणी थांबणार नव्हतं, हे मला दिसत होतं.

सव्वातीनला फौजेचा ट्रक आला. ती उतरली. तिचा सार्जंट ट्रकपाशीच थांबला, सारखा घड्याळ बघत. तिने मला पाहिलं, नुसती मान हलवली, आणि डॉक्टरच्या दारापुढे दोन पायऱ्या खाली जाऊन हेल्मेट काढलं. तिचे बूट पाण्यात होते.

"नमस्कार, डॉक्टरकाका. मी यांच्या बेसमेंटमध्ये राहते."

"मग यांना घेऊन जा."

मी तिला बाजूला ओढलं. "सांग ना, वरचं धरण फुटलंय म्हणून! पळत येईल तो."

"फुटलं नाहीये, काका."

"अगं, पण जीव वाचेल त्याचा!"

"या रस्त्यावर अजून अकरा घरं आहेत. त्यांना माझं खरं वाटायला हवं." मग आवाज आणखी उतरवून म्हणाली, "तुम्ही थोडा वेळ बोलू नका. प्लीज."

ती परत गेली आणि डॉक्टरला सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाणी संध्याकाळपर्यंत पहिल्या मजल्यावर येईल असा अंदाज आहे. अंदाज चुकूही शकतो. त्याला ओढून न्यायचा अधिकार तिला नाही. एवढं बोलून ती थांबली.

डॉक्टर बोलेना. ती बोलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. सार्जंटने हाक मारली. तिने मागे न बघता तळहात वर केला. मला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला. डॉक्टरने झटकन वर बघितलं.

मी म्हणालो, "वर कोण आहे?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उजवा कान त्याच्याकडे करून हळूच विचारलं, "काका, घरात असं कुणी आहे का, ज्यांना माझी वर्दी बघून भीती वाटेल?"

डॉक्टर चौकटीला टेकला, आणि तसाच खाली बसला.

वहिनी नाशिकला नव्हत्या. तीन वर्षं वरच होत्या. त्यांना काही आठवत नव्हतं. परकं माणूस दिसलं की किंचाळायच्या, अंगावरचे कपडे ओढायच्या. एकेकाळी त्या गावातल्या मुलांना पियानो शिकवायच्या. "त्या शाळेच्या हॉलमध्ये, खाटांच्या रांगेत... सगळा गाव बघेल तिला," तो म्हणाला. "त्यापेक्षा आम्ही इथेच बरे."

ती खालच्या पायरीवर, पाण्यातच बसली. "काकूंना काय आवडतं? कोण गेलं तर चालतं?" असं एकेक विचारत गेली. साडेतीन वाजून गेले होते. मग उठून तिने वर्दीचा कोट उतरवून माझ्या हातात दिला, माझा स्वेटर मागून अंगात घातला, बूट काढले आणि डॉक्टरच्या मागोमाग अनवाणी वर गेली. मी जिन्याच्या तळाशी उभा.

आधी किंकाळी ऐकू आली. एक, मग दुसरी. मग काही नाही. आणि मग वहिनींचा आवाज, कित्येक वर्षांनी ऐकलेला, एखाद्या लहान मुलीसारखा:

"सुमे? सुमे, आलीस तू?"

सुमी त्यांची धाकटी बहीण. लगेच दुसरा आवाज आला, माझ्या ओळखीचा.

"हो," ती म्हणाली. "आले. चल, जाऊया."

चाराला सहा मिनिटं कमी असताना माझी गाडी पुलावरून गेली. मागच्या सीटवर वहिनी तिच्या खांद्यावर डोकं टेकून होत्या. डॉक्टर पुढे, माझ्या शेजारी, डोळे मिटून. पुलापलीकडे ती उतरली, वहिनींचा हात तिने डॉक्टरच्या हातात दिला आणि बोटीकडे धावत गेली. अकरा घरं राहिली होती. नंतर कळलं, त्यातल्या दहा घरांतली माणसं बाहेर पडली. अकराव्या घरातल्या दोघांना दुसऱ्या दिवशी छपरावरून उचलावं लागलं, पण जिवंत. डॉक्टरच्या घरात खिडक्यांच्या वरपर्यंत पाणी आलं होतं.

आठवड्याने ती परतली. डॉक्टर आणि वहिनींना मी घरी आणलं होतं, पण आमची ये-जा दिसली की वहिनी किंचाळायच्या, त्यांना वेगळी जागा हवी होती. तिने काही न विचारता खाली जाऊन आपलं सामान भरलं. मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये सोय झाली म्हणाली. मी बॅगा गाडीत ठेवू लागलो तेव्हा ती गॅरेजच्या दाराशी थांबली.

"काका, मी खोटं बोलले."

"कधी?"

"त्यांना. वर. मी सुमी नाही."

मी म्हणालो, "त्याने काय बिघडलं? त्या वाचल्या."

"व्हय. वाचल्या," ती म्हणाली. "पण तुम्ही मला खोटं बोल म्हणालात तेव्हा मी तुम्हाला किती मोठं लेक्चर दिलं. आणि वर गेल्यावर मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत." तिचे डोळे कोरडे होते. "हे मला इतकं सोपं का गेलं, ते मला शोधायचंय."

मी बॅग गाडीत ठेवली. तिने ती पुन्हा काढून नीट आडवी लावली.

त्यानंतर दर रविवारी ती यायची आणि दुपारभर वहिनींजवळ बसायची. वहिनी कधी तिला सुमी म्हणायच्या, कधी ओळखायच्या नाहीत. सुमी म्हणाल्या की ती "हो" म्हणायची नाही, "नाही"ही म्हणायची नाही. फक्त हात हातात घ्यायची. डॉक्टरने एकदा मला सांगितलं, "तिच्यासमोर मला काही लपवावं लागत नाही रे."

शरद ऋतूत तिला देशाबाहेर पाठवलं. कुठे, ते तिने सांगितलं नाही. जिथे लढाई थांबलीय पण माणसं घरी परतायला घाबरतात, एवढंच म्हणाली. फोन अधूनमधून यायचा. मागे बहुतेक वेळा जनरेटरचा आवाज असायचा, एकदा त्याहून मोठा, ज्याने आमचं बोलणं तुटलं आणि पुढचे दोन दिवस माझ्या बायकोने देवापुढचा दिवा विझू दिला नाही.

जानेवारीत वहिनी गेल्या, झोपेतच. चार दिवसांनी, दुपारी, तिचा फोन आला. "डॉक्टरकाकू कशा आहेत?"

माझ्या तोंडात शब्द तयार होता. झोपल्यात. ती तिकडे कुठल्या दारात उभी असेल, मन थाऱ्यावर नसेल तर तिचं काय होईल, असं सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मग मी खरं ते सांगितलं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मी थांबलो.

"डॉक्टरकाकांना द्या," ती म्हणाली.

डॉक्टर चार दिवसांत कुणाशी धड बोलला नव्हता. त्याने फोन घेतला, खिडकीकडे तोंड करून बसला. आधी नुसता "हं, हं" म्हणत होता. मग बोलायला लागला. वहिनींचा पहिला पियानो कसा आणला, बर्फात तो ढकलताना कोण कोण घसरून पडलं, असं कुठलं कुठलं. मी आणि बायको शेजारच्या खोलीत गेलो. पाऊण तास त्याचाच आवाज येत होता.

शेवटी त्याने फोन माझ्याकडे दिला.

"काका, मला निघायला हवं," ती म्हणाली. "गाडी आलीय. बाहेर थांबलेत."

"कुठे जातेयस?"

"एका घरी," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्याला आज सात आठवडे झाले. फोन पुन्हा आलेला नाही.