उडणार नाही याची हमी

जुनी, पंख्यांवर चालणारी छोटी प्रवासी विमानं खरेदी करून विकणं हा माझा धंदा. गेल्या उन्हाळ्यात असंच एक म्हातारं विमान धाराशिवच्या धावपट्टीच्या कडेला गिऱ्हाइकाची वाट बघत उभं होतं. ते बघायला तामलवाडीकडच्या एक मावशी आल्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, काखेत पिशवी. हायवेलगतच्या ढाब्यासाठी त्यांना विमान हवं होतं. आत बसवून लोकांना जेवू घालायचं होतं.

सवयीनं मी सुरू झालो, "मावशी, माल दणकट आहे. थोडी दुरुस्ती केली की आरामात उडेल."

मावशींचा चेहराच उतरला. "उडंल? मग न्हाय चालायचं, बाबा. लोकं आत जेवायलीत अन् हे लागलं उडायला तर?"

माझं गिऱ्हाईक निसटायला लागलं. विमान उडतं हे लोकांना पटवण्यात जन्म घालवलेला मी, आता ते उडत नाही हे पटवू लागलो. रिकामी टाकी दाखवली. इंजिनं काढून द्यायचं कबूल केलं. मावशींनी चाकाला लाथ मारून पाहिली, पत्रा वाजवला.

"लिहून देता का, उडणार न्हाय म्हणून?"

दिलं लिहून.

सौदा झाल्यावर त्या आत जाऊन खिडकीशी बसल्या, पट्टा आवळला आणि दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली.

"मावशी, हे हलणारसुद्धा नाही," मी म्हणालो.

"म्हाईत हाय वो," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "पर पयल्यांदाच इमानात बसले. जरा भिऊ द्या की!"