पानमळ्यावरची टेकडी

दरवर्षी संक्रांत झाली की आमच्या शाळेतल्या मुलींची सहल टेकडीवर जाते. बैलगाड्या पायथ्याशी सुटतात, मुली पदर खोचून वर चढतात आणि कड्याशी उभ्या राहून ओरडतात, "बाई, या ना इकडे! पाहा किती दूरचं दिसतं!" खाली पैनगंगेचं वळण असतं, काठाला हिरवेगार मळे असतात, आणि पलीकडे निजामाच्या मोगलाईतली गावं धुरकट दिसतात. मुलींचं काही चुकत नाही. देखावा सुंदरच आहे. मी मात्र दरीकडे पाठ करून बसते आणि त्यांच्यासाठी संत्री सोलते. बाईंना उंचावर चक्कर येते, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं आहे. मी ते खोडून काढत नाही. तेवढेच प्रश्न कमी होतात.

या टेकडीवरून खाली कसं पाहायचं, हे मी फार लहानपणी शिकले, आणि ते हौसेनं नव्हे.

आम्ही बारी, म्हणजे पानमळेवाले. नागवेलीची पानं पिकवायची, पाट्या भरून रिसोडच्या बाजारात न्यायची, हाच आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आमच्या वेलीचे चोचले एखाद्या नव्या सुनेचेही झाले नसतील. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पाणी एक दिवस कमी पडलं तरी ती रुसते. मळ्यात जायचं तर आंघोळ करून, आणि वहाणा कुडाच्या बाहेर काढून. वेल म्हणजे आमची देवी. घरात सुतक असलं तर त्या घरच्या माणसानं फिटेपर्यंत वेलीला हात लावायचा नाही. पाणीसुद्धा घालायचं नाही. अशा वेळी शेजारचा मळेवाला आपलं काम सोडून त्याच्या वेलींना पाणी घालायचा. ही रीत चांगलीच होती. मरण एका वेळी एकाच घरी येतं, हे तिनं गृहीत धरलं होतं, एवढंच.

त्या वर्षी गावात प्लेग आला. उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव उठलं आणि टेकडीमागच्या माळावर पालापाचोळ्याच्या झोपड्या करून राहिलं. माणसं वर आली, पण मरण काही खाली राहिलं नाही. आज या झोपडीतून रडणं ऐकू यायचं, उद्या त्या. पंधरवड्याच्या आत मळेवाल्यांच्या प्रत्येक घराला सुतक होतं. एक आमचंच घर तेवढं सुटलं होतं. घरात माय, बाबा, मी, माझे थोरले चुलते आणि त्यांची बायको. त्यांना मी मोठे बाबा आणि मोठी माय म्हणायची. मोठ्या बाबांना दमा होता, चार पावलं चढले की त्यांचा भाता सुरू. म्हणजे सगळ्या गावच्या वेलींना हात लावू शकेल असा माणूस एकच उरला, माझे बाबा.

कोणी त्यांच्या पाया पडलं नाही की कोणी जबरदस्ती केली नाही. माणसं आमच्या झोपडीसमोर येऊन नुसती बसत. एक म्हातारा मळेवाला, ज्याचे दोन्ही मुलगे गेले होते, एवढंच म्हणाला, "माहे पोरं गेले. आता वेल गेली तं मी कोनाले पाणी घालू?"

बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे खाली उतरले. मायनं वाट अडवली होती. "आपलं घर देवानं राखलं, अन्‌ तुमी काहून मरनाच्या तोंडात जाऊन राह्यले?" असं तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "राखलं ते याच्याचसाठी असंन." मला आजही या उत्तराचा राग येतो. देवानं माझ्या बापाला वेलींसाठी राखलं असेल, तर देवाला काही विचारायचं माझं राहून गेलं आहे.

तेव्हापासून माय आणि मी टेकडी चढायला लागलो. माळावरून दरी दिसत नाही, कड्यापर्यंत जावं लागतं. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांत उंच माथ्यावर गेलो. तिथून नदी दिसत होती, गाव दिसत होतं, मोगलाईसुद्धा दिसत होती, पण बाबा दिसत नव्हते. मायला मोगलाईशी काय करायचं होतं? मग खालचा एक मोठा धोंडा पाहिला. तिथून फक्त अलीकडचा काठ दिसे. दोन दिवस काटे तुडवल्यावर टेकडीच्या सोंडेवर आम्हाला पळसाखाली शेंदूर फासलेल्या दगडाचा एक ओटा सापडला. तिथून मळ्याचे कूड दिसायचे, नदीतली वाळू दिसायची, आणि वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून खांद्यावर घागर घेऊन मळ्याकडे जाणारा माणूस दिसायचा. तोंड ओळखू येत नसे. पण चाल ओळखू यायची. माय म्हणायची, "पाह्य, चालले तुहे बाबा," आणि मग ती निवांत बसून पळभर श्वास घ्यायची. दिवसभर ती तिथून हलत नसे. संध्याकाळी बाबा वर येत, झोपडीबाहेर कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ करत आणि आमच्यापासून लांब बसून भाकर खात. मी जवळ गेले की हातानंच थांबवत. सगळ्यांचे मळे जगले होते. लोक त्यांच्याकडे पाहत तेव्हा हात जोडत, आणि ते लाजून मान खाली घालत.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी ते आले नाहीत.

सकाळी ओट्यावरून पाहिलं तर ते वाळूत बसले होते. घागर शेजारी आडवी होती. आम्ही दिसलो तसा त्यांनी हात वर केला. बोलावण्याचा नव्हे, थांबवण्याचा. मायला ते लगेच कळलं, मला कळायला वेळ लागला. त्यांच्या जांघेत प्लेगची गाठ आली होती, आणि ती घेऊन ते वर येणार नव्हते. माणसं ओट्यावर पाहायला आली आणि पाहून मागे फिरली. मोठे बाबा धापा टाकत म्हणाले, "त्याले समजते. म्हनून तो वर येऊन नाही राह्यला. आता तू जाऊन त्याचं केलेलं मातीत घालू नोको. पोरीकडे पाह्य."

मायनं त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं. दिवसभर पाहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं माझा हात मोठ्या मायच्या हातात दिला, पाण्याचा तांब्या आणि फडक्यात भाकर घेतली आणि उतरायला लागली. मोठ्या मायनं तिला हाका मारल्या, शिव्या दिल्या, आणि मग ती तिथंच बसून रडायला लागली. मी तिचा हात सोडवला आणि ओट्यावर धावले. माझ्यामागे कोणीही आलं नाही. पुढचं जे काही झालं ते या जगात मी एकटीनं पाहिलं.

माय वाळूत उतरली तसे बाबा उठून बसले. त्यांनी हात हलवला. ती थांबली नाही. तेव्हा त्यांनी नदीतला गोटा उचलला आणि तिच्या दिशेनं फेकला. माझ्या बाबांनी कधी बैलावर चाबूक उगारला नव्हता. माय थबकली. मग दोन पावलं पुढे झाली, त्यांनी दुसरा गोटा फेकला. तो तिच्या पायाशी पडला असावा, कारण ती मागे सरली आणि तिथंच खाली बसली. तांब्या मांडीत धरून. ऊन चढत गेलं. ती मधेच उठायची, तशी ते गोट्याकडे हात न्यायचे. गोटे आता फार लांब जात नव्हते. शेवटी शेवटी त्यांच्या हातात काही नव्हतंच, नुसता हात वर व्हायचा. तरी ती थांबायची. आयुष्यभर तिनं त्यांचा शब्द मोडला नव्हता, आणि तो मोडावा कसा हे त्या दिवशीही तिला सुचलं नाही.

दुपारी ते आडवे झाले. हात वर झाला नाही. माय उठली, आणि उभीच राहिली. हाका मारत असावी, इतक्या उंचावर आवाज येत नव्हता. खूप वेळानं ती चालत त्यांच्याजवळ गेली, तांब्या त्यांच्या तोंडाला लावला, आणि मग तिनं तो दूर भिरकावून दिला.

आता आमच्याही घराला सुतक होतं. खाली जाणारं कोणी उरलं नाही. पुढे रोज मी ओट्यावर जायची, आणि मळे हिरव्याचे पिवळे होताना पाहायची. बाबांनी जगवलेली एकेक वेल गेली. माय पायथ्याशी एका खोपटात वेगळी राहत होती. तिला काही झालं नाही. लोक याला नशीब म्हणाले.

ती वर आली तेव्हा बायका तिच्याभोवती जमल्या. तिनं सांगितलं, "माह्या मांडीवर डोकं ठेवलं त्याइनं. माह्या हातचं पानी पेले, अन्‌ गेले." बायकांनी डोळे पुसले. भाग्याची गं तू, म्हणाल्या. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते.

मग वर्षभरानं त्या सांगण्यात आणखी एक वाक्य आलं. मला कामाला लावायचं की उजवून टाकायचं, याची घरात चर्चा सुरू झाली, तेव्हा माय चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "त्याइनं जाताना सांगतलं मले. पोरीले शिकवजो म्हने." लोकांच्या वेलींपायी मेलेल्या भावाचा शेवटचा शब्द होता तो, आणि तो मोडायची मोठ्या बाबांची छाती नव्हती. मी शाळेत गेले. पुढे वाशीमला गेले. ज्या वाक्यावर मी वाचायला शिकले, ते वाक्य बाबांनी कधी उच्चारलंच नव्हतं. हे मी रोज पाटीवर अक्षरं काढताना जाणून होते, आणि त्या वाक्याच्या लाजेनं का होईना, मी कधी नापास झाले नाही.

मास्तरणीची नोकरी लागून मी घर सोडलं, त्या दिवशी माय माझं गाठोडं बांधत होती. खाली पाहतच तिनं विचारलं, "त्या दिशी तुले वरून दिसे काय वं?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही माय. पळसाचे पानं आड येत होते. काईच दिसलं नाही."

फाल्गुनात आमच्या टेकडीवरच्या पळसाला एकही पान नसतं, नुसती फुलं असतात. मला ते ठाऊक होतं, आणि तिला माझ्याहून जास्त. गाठोड्यावरचे तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"हो माय," ती म्हणाली, "लय पानं रायतात त्याले."